परत घेतो म्हणणाऱ्या दादास

फहाहील,
मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५

दादा,

मोठ्या भावाला पत्र लिहिताना आधी नमस्कार घालायचा हे आईने हात धरून शिकवलंय, म्हणून घालते. तो रीतीचा समज. मनातून आज निघत नाहीये.

इकडे सगळं ठीक. हवा पालटली, एसी बंद केलाय. क्लिनिकमध्ये तापा-खोकल्याच्या पेशंटांची रांग लागलीय. डॉक्टर नर्सवर ओरडतात, नर्स पेशंटवर, आणि पेशंट सिक्युरिटीवाल्यावर. आईचा लांज्याहून फोन होता. गुडघा पुन्हा सुजलाय, पण तुला सांगू नको म्हणाली. सांगितलं.

एगैला काही परदेश नाही. गाडी सुरू करून नीट बसेपर्यंत तुझं घर येतं. तरी पत्र लिहितेय, कारण फोनवर तू मध्ये बोलतोस आणि व्हॉट्सॅपवर मी एवढं लिहिलं तर तू अंगठा पाठवशील. इम्तियाजभाई उद्या माल घेऊन तुमच्याच बाजूला येणार आहेत, त्यांच्या हाती देते. सगळं वाच. मध्येच प्रियांकावहिनीला वाचून दाखवू नकोस. आधी एकट्याने वाच.

शुक्रवारी जेवायला बोलावलंस तेव्हा काय म्हणाला होतास आठवतं? "विनू, कितीतरी महिन्यांत नीट बोललो नाही. तुझं ऐकायचंय." मी चर्चची सभा संपवून तशीच आले. वाटेत तुझ्या आवडीची खजुराची पेटी घेतली. दार उघडलं तर आत तुझा मित्र परीक्षित बसलेला, इम्तियाजभाई बसलेले. म्हटलं, असू दे, शुक्रवारची सुट्टी आहे, चार माणसं जेवायला असतात.

बसते न बसते तोच वहिनीने माझ्यासमोर चहा ठेवला. आमच्या चर्चमध्ये चहा चालत नाही, मी घेत नाही, हे तिला माहीत नाही? तीसुद्धा माझ्याबरोबर इतकी वर्षं घेत नव्हतीच की! "आज तरी घे गं, कुणी बघत नाही," म्हणाली. बघत नाही म्हणून घ्यायचा असता तर घरी रोज घेतला असता. मी पाणी मागितलं. ती हसली. तुम्ही चर्च सोडलंत, तुमचा चहा तुम्हाला लखलाभ. पण माझ्यासमोरचा कप कोणत्या मोकळेपणात बसतो, ते मला कळलेलं नाही.

जेवण मात्र छान होतं. झुबेदी पापलेटाचं कालवण वहिनीसारखं या गावात कुणाला जमत नाही. जेवता जेवता परीक्षितने विचारलं, "ताई, शत्रुघ्न इतकं सांगतो, पण मला एकदा तुमच्या तोंडून ऐकायचंय. हे मॉर्मन म्हणजे नेमके कोण? आणि तुम्ही, शिकलेली नर्स, यात कशा?" तू पानातलं बाजूला सारून म्हणालास, "सांग विनू. मोकळेपणाने सांग. कुणी काही म्हणणार नाही."

हे लक्षात ठेव, दादा. मी कुणाच्या दारात गेले नाही. या आखाती देशात आम्हाला तसं करायची मुभा नाही आणि माझा तो स्वभावही नाही. क्लिनिकमध्ये इतकी वर्षं बरोबर काम करणाऱ्या बायकांनासुद्धा एवढंच ठाऊक आहे की ही चहा-कॉफी घेत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून मी सांगितलं.

सांगितलं की आम्ही येशूला मानणारे, पण इतर ख्रिस्ती आम्हाला पूर्ण आपलं म्हणत नाहीत. आमचा विश्वास असा की देवाने बोलणं थांबवलेलं नाही, दोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेत एका तरुण मुलाशी तो बोलला आणि आजही बोलतो. आणि मरणाने नवरा-बायकोचं, आई-मुलांचं नातं तुटत नाही. एवढं सांगून थांबले असते तर बरं झालं असतं.

पण तू म्हणालास, "ते पुस्तकातलं झालं. तुझं सांग."

मग मी माझं सांगितलं. जे मी आईलाही सांगितलेलं नाही. माझा सुयोग कावीळ होऊन गेला, तेव्हा मी घरात त्याचं नाव मोठ्याने घेऊ शकत नव्हते. सगळे त्याला 'तो बिचारा' म्हणायचे, आणि मला 'ही बिचारी'. मग तू मला इकडे आणलंस, क्लिनिकमध्ये चिकटवलंस, आणि एका शुक्रवारी सभेला नेलंस. तिथे त्या फिलिपिनो लूझबाईंनी मला विचारलं, तुझ्या नवऱ्याचं नाव काय आहे? मी म्हटलं, तो वारला. त्या म्हणाल्या, ते कळलं, पण नाव काय आहे? त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी मी 'सुयोग' असा शब्द तोंडाने उच्चारला. घरी आले, स्वयंपाकघरात उभ्या उभ्या प्रार्थना केली की हे खरं असेल तर मला कळू दे. आवाज आला नाही, उजेड पडला नाही. पण छातीवर बसलेलं काहीतरी उठलं. मी भात टाकला आणि ताट वाढून घेऊन पोटभर जेवले. तो गेल्यापासूनचं पहिलं जेवण. मी म्हटलं, माझ्यापुरतं ते उत्तर आहे.

परीक्षित म्हणाला, "म्हणजे पोटभर जेवण झालं की देव भेटला? मग वहिनींच्या हातची झुबेदी खाऊन मला आत्ताच दर्शन झालं म्हणायचं."

तुम्ही हसलात. परीक्षित हसला त्याचं मला काही नाही, तो परका, त्याने कधी कशावर विश्वास ठेवलेला नाही. वहिनी तोंडावर हात धरून हसली. आणि तू हसलास. मी सुयोगचं मरण तुमच्या ताटाशेजारी काढून ठेवलं होतं, दादा, आणि तू हसलास.

इम्तियाजभाई तेवढे हसले नाहीत. म्हणाले, "अरे, बाईला बोलू तर द्या. ईमान म्हणजे काय भाजी हाय, दाबून बघायला?" त्यावर तू त्यांनाच गप्प केलंस.

आणि मग तू ते म्हणालास. प्रेमाने म्हणालास, ते जास्त वाईट. "विनू, नवरा गेल्यावर तुला आधार हवा होता. मी तुला चुकीचा दिला. मीच दिला होता, आता मीच परत घेतो."

परत घेतो!

हे काय तू मला उसनं दिलेलं छत्री-भांडं आहे? हो, तू मला तिथे नेलंस. पांढरे कपडे घालून बाप्तिस्म्याच्या हौदातल्या पाण्यात तूच माझ्याबरोबर उतरलास, तुझ्याच हातांनी मला पाण्याखाली नेलंस आणि वर काढलंस. मी ते नाकारत नाही. पण पाण्याखाली मी होते. श्वास मी रोखला होता. पोहायला शिकवणारा माणूस पुढे पाण्याला भ्यायला लागला, म्हणून शिकलेल्याने बुडायचं का?

तुला वाटतं, मला माहीत नाही. तू चर्चविरोधातली ती सगळी पानं मला पाठवत राहिलास आणि मी उत्तर दिलं नाही, म्हणून तुझा समज झाला की विनू वाचत नाही, घाबरते. अरे, मी तुझ्याआधी वाचलेलं आहे. पहिल्या संदेष्ट्याच्या इतक्या बायका, त्यातल्या काही माझ्या शलाकाच्या वयाच्या. तो इजिप्तचा जुना कागद, ज्याचं त्याने केलेलं भाषांतर जाणकार मान्य करत नाहीत. काळ्या माणसांना कित्येक वर्षं याजकपद नाकारलं, ते वाचून तर मी पुढच्या शुक्रवारी सभेला गेले नाही. मी काय गोरी आहे? यातल्या एकाचंही धड उत्तर माझ्याकडे नाही. चर्चमध्ये जी उत्तरं देतात, ती मला पुरत नाहीत, हेही मी तिथे सांगितलेलं आहे. तरी मी जाते. तू ज्याला आंधळेपणा म्हणतोस तो आंधळेपणा असता, तर दिसलं नसतं. मला दिसतं, दादा. दिसून मी जाते.

तू फसवला गेलास असं तुला वाटतं, ते मी समजू शकते. तू मनापासून दिलं होतंस, म्हणून मनापासून जळालास. तुम्ही सोडल्यावर आमच्यातल्या लोकांनी वहिनीचे फोन घेणं बंद केलं. वहिनी महिनाभर रडत होती, ते मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि त्या लोकांशी मी भांडलेही आहे. पण तुमचं घर जळालं म्हणून माझ्या चुलीत पाणी ओतायचा हक्क तुम्हाला मिळत नाही.

इम्तियाजभाईंनी मला घरी सोडलं. उतरताना म्हणाले, "ताई, खरं सांगू, तुमचा एक शब्द मला पटला नाय. नबीनंतर आणखी कोण नबी, हे मी ऐकूनच घेणार नाय. पन माणूस काळीज काढून दाखवतो तवा हसायचं नसतं. मी शत्रुघ्नला सांगणार हाय." सांगितलं का त्यांनी? ज्याला माझं काहीच पटत नाही, त्याला जे कळलं, ते ज्याने मला विटी-दांडू शिकवला त्याला कळू नये?

पत्र इथेच संपवणार होते. सही करायला पेन टेकवलं आणि उचललं.

वर लिहिलंय की इकडे सगळं ठीक. ठीक नाही. घरात मी एकटी आहे. शलाकाची पाण्याची बाटली ओट्यावर आहे, गणितासाठी नेलेलं तिचं दप्तर तुझ्याकडे आहे, आणि शुक्रवारपासून ती तुझ्याकडे आहे.

तुम्ही हसलात, तू परत घेतो म्हणालास, मी ताटावरून उठले. माझ्या शेजारी जेवायला बसलेल्या शलाकाला म्हटलं, चल. ती खुर्चीवरून हलली नाही. "मम्मा, आय डोन्ट बिलीव्ह इट आयदर," म्हणाली. खाली बघत. मग वर बघून म्हणाली, "नॉट फॉर अ लाँग टाइम." आणि मी तिच्याकडे बघायच्या आधी तुझ्याकडे बघितलं, आणि तुझ्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

तुला माहीत होतं. वहिनीला माहीत होतं. कदाचित परीक्षितलासुद्धा. माझ्या पोटच्या पोरीच्या मनात काय आहे ते मला कळायला तू जेवणावळ घातलीस, पंचायत बसवलीस, आधी मला चारचौघांत हास्यास्पद केलंस, म्हणजे मग तिचं बोलणं मला सोपं जाईल! हा तुझा बेत होता ना? मला नीट बसवून, समजावून, पाठीवर हात ठेवून?

माझा राग तिच्यावर नाही. सोळा वर्षांची मुलगी आहे, तिला जे वाटतं ते वाटतं. राग तुझ्यावर आहे. तिने तुला सांगितलं त्या दिवशी तू तिला म्हणायला हवं होतंस, जा, आईला सांग, ती तुला खाणार नाही. त्याऐवजी तू ते स्वतःकडे ठेवलंस.

शलाकाला घरी पाठव. विश्वास ठेवायला नाही. घरी.

विनिता

*

फहाहील,
शनिवार, ६ डिसेंबर २०२५

दादा,

पत्राला उत्तर आलं नाही, शलाका आली. गच्चीवर कपडे वाळत घालत होते, तेव्हा खाली तुझी गाडी दिसली. तू तिची बॅग काढून दिलीस, थोडा वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून बसलास आणि वर न येता निघून गेलास. मी हाक मारणार होते. मारली नाही. एवढ्यात मारणार नव्हतेच.

ती आली आणि दारातच म्हणाली, "मी फ्रायडेला येणार नाही." मी म्हटलं, नको येऊस. बूट काढ. ती गोंधळली. बिचारी भांडणाची तयारी करून आली होती, तुझ्याकडून उत्तरं पाठ करून आली असेल.

दोन दिवस आम्ही जेवलो, झोपलो, तिने शाळा केली, मी ड्युटी केली. तिसऱ्या दिवशी भाजी निवडत होते, तर समोर येऊन बसली. मी विचारलं, नेमकं काय पटत नाही? मला वाटलं, तू वाचलेलंच ती सांगेल, त्या कागदाचं, त्या बायकांचं. मी कंबर कसून बसले होते.

ती म्हणाली, "मम्मा, तू म्हणतेस पप्पा परत भेटतील. तू इतकी खूश होतेस ते बोलताना. पण मला ते आठवतच नाहीत. त्यांना भेटून मी काय करू? आय वोन्ट नो हू ही इज. तिथे बसून सगळे रडतात आणि मला काहीच वाटत नाही, आणि मला वाटतं मी वाईट आहे."

दादा, माझ्या हातातली मेथी तशीच राहिली.

तिला इतिहासाशी काही घेणं नाही. तुझ्या सगळ्या लिंका, माझी सगळी उत्तरं, दोन्ही तिच्या डोक्यावरून गेली. आपण दोघं संदेष्ट्यावरून भांडत बसलो आणि या पोरीला आपला बाप कोण ते माहीत नाही. मी तिला त्याच्या भेटीचं वचन देत राहिले आणि तो माणूस सांगायचा राहिला. तिने विचारलं, "त्यांना राग यायचा?" मी म्हटलं, कधीकधी इतका की चप्पल भिरकावायचा आणि मग स्वतःच शोधत हिंडायचा. ती हसली. मग आणखी विचारत सुटली. कालवण खाली लागलं तरी आम्हाला कळलं नाही.

हे झालं घरातलं. आता काल काय झालं ते ऐक, कारण बाहेरून तुझ्या कानावर येईलच आणि परीक्षितला पुन्हा विषय मिळेल.

महिन्यातला पहिला शुक्रवार म्हणजे आमच्याकडे उपवास, आणि सभेत ज्याला वाटेल त्याने उठून आपली साक्ष द्यायची. तुला सांगायला नको. सभेच्या आधी दोघी बायका माझ्याजवळ आल्या. शलाका दिसत नाही, बरी आहे ना? मी म्हटलं, बरी आहे, ती विश्वास ठेवत नाही, म्हणून आली नाही. त्यावर एकीने माझा हात हातात घेतला, आवाज खाली आणला आणि म्हणाली की हा तुझ्या भावाचा परिणाम आहे, थोडे दिवस मुलीला त्याच्यापासून लांब ठेव, तरुणांच्या वर्गातलं कुणीतरी तिच्याशी बोलायला पाठवू.

म्हणजे बघ. तुझ्याकडे माझ्यावर पंचायत, इकडे तिच्यावर. दोन्हीकडे प्रेमाने, दोन्हीकडे हळू आवाजात.

मी उठले. व्यासपीठाशी गेले. माझं इंग्रजी तुला माहीत आहे, पेशंटपुरतं. पण राग आला की सुटतं. मी म्हटलं, माझा विश्वास आहे. देव बोलतो यावर आहे, माझा नवरा मला भेटेल यावर आहे. मागच्या महिन्यात माझ्या भावाच्या घरी हे सांगितलं तेव्हा लोक हसले. तिथे सांगितलं तेच इथे सांगते, एक शब्द कमी-जास्त नाही. आणि इथे आणखी थोडं सांगते, कारण इथे कुणी हसत नाही, इथे लोक कुजबुजतात. माझी मुलगी विश्वास ठेवत नाही. माझ्या भावाने विश्वास सोडला. ज्या भावाने मला या हौदात उतरवलं तो वाट चुकलेला नाही, आजारी नाही, साथीचा रोग तर अजिबात नाही. त्याने प्रामाणिकपणे ठेवला होता आणि प्रामाणिकपणे सोडला. माझ्या मुलीला कुणी समजवायला यायचं नाही. कुणाला यायचंच असेल तर जेवायला या, आणि जेवून जा.

पुढे इंग्रजी संपलं. "मला कुणी दया दाखवायची नाही," हे शेवटचं मराठीतच निघालं. कुणाला कळलं नाही आणि सगळ्यांना कळलं.

येशूच्या नावाने आमेन म्हणून खाली बसले. नेहमी सगळे मोठ्याने आमेन म्हणतात, काल ते फुटक्या बांगड्यांसारखं इकडून तिकडून आलं. शाखाप्रमुख उठले, घसा साफ केला, पुढच्या गाण्याचा आकडा सांगितला. लूझबाई माझ्या शेजारी सरकून बसल्या. सभेनंतर त्या दोघी बायका माझ्याशी बोलल्या नाहीत, अजून एक कुटुंबही. पुढच्या शुक्रवारीही मी जाणार आहे. तिथेच, त्याच रांगेत. तुझ्या घरातल्या हसण्याने मला घालवलं नाही, तर यांच्या गप्प राहण्याने कशी जाईन?

मी तुझी बाजू घेतली असं समजू नकोस. जेवणाच्या त्या दिवसाचा राग उतरलेला नाही. तू माफी मागितलेली नाहीस आणि मीही "जाऊ दे" म्हणणार नाही. तू जे केलंस ते वाईट होतं. पण तुझ्याबद्दल वाईट बोलायचा हक्क माझा आहे, त्यांचा नाही.

एक काम आहे. राग बाजूला ठेवून मागतेय असं नाही, रागासकट मागतेय.

काल रात्रीचं जेवताना शलाकाने विचारलं, "मामा पप्पांना ओळखायचा?" मी म्हटलं, ओळखायचा? अगं, रत्नागिरीच्या आयटीआयला दोघं एका खोलीत राहायचे. तुझा मामाच त्याला पहिल्यांदा आमच्या घरी घेऊन आला. तिला हे ठाऊकच नव्हतं! इतकी वर्षं तू तिला पोहायला नेलंस, गणित शिकवलंस, विश्वास ठेवायचा की नाही ते शिकवलंस, आणि तिच्या बापाचं नाव तू तिच्यासमोर कधी काढलं नाहीस. मी विचार करत बसले, का? मग वाटलं, त्याला खांदा तू दिलास, मडकं तू धरलंस, विमानाची तिकिटं तू काढलीस, आणि रडायला तुला कुणी जागाच दिली नाही. चर्चमध्ये तू माझ्यासाठी गेलास असं तू म्हणतोस. मला आता तसं वाटत नाही.

तो नवरा कसा होता, बाप कसा होता, तेवढं मला माहीत आहे. तो तुझा मित्र कसा होता ते मी सांगू शकत नाही. त्या खोलीत तुम्ही काय खायचात, काय भांडायचात, वेल्डिंगच्या परीक्षेत तो नापास कसा झाला, ते तूच सांगशील. देव आहे की नाही यावर आपण मरेपर्यंत भांडू. पण सुयोग नावाचा एक माणूस होऊन गेला, आणि तो आपल्या दोघांचा होता, यावर तर आपलं एकमत आहे ना?

येत्या शुक्रवारी दुपारी ये. वहिनीलाही आण. परीक्षितला आणू नकोस. मला काही समजावू नकोस, मीही तुला काही समजावणार नाही. पोरीसमोर बसून तेवढं सांग. मध्ये रडू आलं तर रड. इथे बघायला आम्ही दोघीच असू.

माफ न केलेली, वाट बघणारी,
तुझी सख्खी बहीण,
विनू